नागझिऱ्याचा शेजार आणि परदेशची पेठ

गोंदिया शहराच्या नैऋत्येस नागझिऱ्याचे अरण्य पसरले आहे. १९७० साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात त्याचा अंतर्भाव झाला. नागपूर, पुणे, मुंबई येथील हौशी मंडळी चोरखमारा, पिटेझरी किंवा मंगेझरीच्या फाटकातून आत शिरतात. वाघ दिसला तर धन्य होतात आणि न दिसला तर वाटाड्यावर रुसून परततात. परंतु फाटकाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर जे पळस उभे असतात, त्यांच्याकडे त्यांपैकी क्वचितच कोणाचे लक्ष जाते. फाल्गुनात ते फुलले तर मोटार थांबवून एखादे छायाचित्र घेतले जाते, एवढेच. वास्तविक ह्या भागाची परदेशच्या बाजाराशी पहिली ओळख करून देण्यात ह्या पळसाचा वाटा मोठा आहे, आणि ती ओळख व्याघ्रप्रकल्पाच्या कीर्तीहून कितीतरी जुनी आहे.

गोंदिया-भंडाऱ्याकडील लहान कारखानदारांना, धानगिरण्यांच्या मालकांना आणि बायकांच्या बचत गटांना निर्यात-व्यापाराचे शिक्षण द्यावे, असे हल्ली वरचेवर बोलले जाते. अशा बोलण्यात एक समजूत गृहीत धरलेली असते की, ह्या मुलखाचा माल अद्याप सातासमुद्रापलीकडे गेलेलाच नाही आणि आता तो प्रथमच जावयाचा आहे. ही समजूत चुकीची आहे. माल पूर्वीपासून जात आला आहे. त्याच्या मागोमाग जावयाची ती माहिती मात्र गेली नाही. कोणता माल, कोणत्या नावाने, कोणत्या भावाने, कोणाच्या हाती पडला, हे पिकविणाऱ्याला आणि वेचणाऱ्याला कधी कळले नाही, आणि नफ्याचा मोठा भाग ज्यांना ते कळत होते त्यांच्याकडे राहिला.

लाखेचेच उदाहरण घ्यावे. पळस, बोर आणि कुसुम ह्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक वस्ती करतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच बांधतो. फांद्या तोडून हे कवच खरवडले म्हणजे काडीलाख झाली. ती कुटून आणि धुऊन तीतील तांबडा रंग काढून टाकला म्हणजे दाणेलाख. आणि दाणेलाख कापडाच्या लांब पिशवीत भरून, विस्तवापुढे धरून, पिळून, पातळ पापुद्र्यासारखी ताणली म्हणजे चपडा. मध्य हिंदुस्थानात चपडा तयार करणारी जी ठाणी नावाजली, त्यांत गोंदियाचे नाव होते. गावाचे गोंदिया हे नाव येथील गोंदाच्या, म्हणजे डिंकाच्या व्यापारावरून पडले असेही सांगतात. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, रानातील राळ आणि डिंक यांवर ह्या गावाची पेठ वाढली ही गोष्ट खरी आहे. १८८०-८२ च्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडाकडे लोहमार्ग गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेचा भाग झाला, आणि कलकत्त्याचे बंदर गोंदियाच्या आवाक्यात आले.

हा चपडा पुढे कोठे जात असे? ज्या घरांत आजोबांच्या काळची बालगंधर्वांची तबकडी अजून जपून ठेवलेली असेल, त्यांनी ती हातात घेऊन पाहावी. ती काळी, ठिसूळ, पडली की फुटणारी तबकडी चपड्याच्या बंधनाने घट्ट झालेली असते. जगाला लागणारी जवळजवळ सर्व लाख त्या काळी हिंदुस्थानातून जात असे. १९०२ साली कलकत्त्यास गायनाचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. तरी १९०८ साली तेथे कारखाना निघेपर्यंत आपल्या गवयांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी तयार होऊन येत. म्हणजे रानातली लाख समुद्र ओलांडून जाई आणि गाणे होऊन, कित्येक पट किमतीने, परत येई. पळसावर चढून फांदी तोडणाऱ्याला ह्यातले काय ठाऊक होते?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या सरकारने तबकड्या करणाऱ्या कंपन्यांना मिळणारी लाख एकदम ७० टक्क्यांनी तोडली, कारण ती युद्धसाहित्याला हवी होती. पुढे १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइल नावाच्या कृत्रिम द्रव्याची लांब वाजणारी तबकडी बाजारात आणली. थोड्याच वर्षांत लाखेची तबकडी मागे पडली. कृत्रिम राळांनी इतर उपयोगही बळकावले. शिवाय थायलंडची लाख स्पर्धेला उतरली. ह्या सर्व घडामोडींची वार्ता खेड्यात पोहोचते ती एकाच रूपाने: आठवडी बाजारात काडीलाखेचा भाव उतरतो. भाव का उतरला हे कळले तर माणूस दुसरा उद्योग पाहतो, किंवा माल सुधारतो. न कळले तर तो नशिबाला बोल लावतो.

लाख त्यानंतरही मेली नाही, हे विशेष. आज औषधाच्या गोळ्यांवरचे आवरण, चॉकलेटांवरची झिलई, दूरदेशी पाठवावयाच्या सफरचंदांवरची चकाकी, ह्यांसाठी ती लागते. युरोपात खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ई-९०४ असा जो आकडा छापलेला असतो तो लाखेचाच होय. जर्मनी आणि अमेरिका येथे तिला गिऱ्हाईक आहे. मात्र तबकडीवाल्याला जी लाख चालत होती ती औषधवाल्याला चालत नाही. तो तीत शिसे किती, आर्सेनिक किती, जंतू किती, असे विचारतो आणि प्रयोगशाळेचा दाखला मागतो. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली; तिचे नाव अनेकदा बदलले आणि २०२२ पासून ती राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था म्हणून ओळखली जाते. लाखेची लागवड आणि प्रक्रिया तेथे शिकविली जाते. लाख आणि वनोपज यांच्या निर्यातीला उत्तेजन देणारी परिषद कोलकात्यात आहे. नागझिऱ्याच्या शेजारच्या गावाला ह्या दोन्ही ठिकाणांचा पत्ता ठाऊक असणे, हे निर्यातीच्या शिक्षणाचे पहिले पाऊल म्हणता येईल.

लाखेहून मोठा व्यापार धानाचा. ह्या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकत आले आणि गोंदियात त्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या. येथील उकड्या तांदळाला आफ्रिकेत मागणी असते. जगाच्या तांदूळ-व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे आणि बिगर-बासमती तांदळाचा मोठा भाग बेनिन, टोगो, सेनेगल, आयव्हरी कोस्ट अशा पश्चिम आफ्रिकी देशांत उतरतो. गोंदियाच्या पेठेत बसलेल्या माणसाला बेनिन हा देश नकाशावर चटकन दाखविता येणार नाही. पण तेथील गृहिणीने कोणता तांदूळ शिजवावयास घेतला, ह्यावर त्याच्या गिरणीचे चाक फिरते.

२०२३ साली ह्याचा कटू प्रत्यय आला. त्या वर्षी २० जुलै रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि २५ ऑगस्ट रोजी उकड्या तांदळावर २० टक्के निर्यातकर बसविला. देशातील भाव आवरावेत हा हेतू होता, आणि शहरात तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्याच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. परंतु ज्याने दोन महिने आधी ठराविक दराने माल देण्याचे वचन दिले होते, त्याचे काय झाले असेल? हुकुमात सवलत होती ती, ज्यांचा माल जहाजावर चढू लागला होता किंवा बंदरात सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेला होता, अशांना. ज्याची पोती अजून गिरणीच्या गोदामात होती त्याला ती नव्हती. माल तोच, दिवस तोच. केवळ पोते कोणत्या ठिकाणी पोहोचले होते ह्यावर नफा की नुकसान हे ठरले. २८ सप्टेंबर २०२४ रोजी टनास किमान ४९० डॉलरची अट घालून पांढऱ्या तांदळाची निर्यात खुली झाली, ऑक्टोबरात ती अटही गेली आणि उकड्या तांदळावरील करही उठला. मधले चौदा महिने ज्यांनी काढले त्यांना व्यापारातील एक प्रकरण उत्तम पाठ झाले असेल. पण त्याची फी फार मोठी पडली.

अशा वेळी करारनाम्यातील एक वाक्य उपयोगी पडते. सरकारी हुकुमाने माल अडला तर विकणाऱ्यावर दोष नाही, आणि नवा कर बसला तर तो कोणी सोसावयाचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे लागते. तसेच, मालाची जोखीम विकणाऱ्याच्या डोक्यावरून नेमकी कोणत्या क्षणी उतरते, हेही ठरलेले असावे लागते. त्यासाठी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली काही संकेत छापले. त्यांची चालू आवृत्ती २०२० ची आहे. एफ.ओ.बी. म्हटले की माल जहाजावर चढेपर्यंत धोका विकणाऱ्याचा. सी.आय.एफ. म्हटले की भाडे आणि विमाही तोच भरतो. पण येथे पुष्कळ जण फसतात, कारण भाडे जरी पलीकडच्या बंदरापर्यंतचे भरले तरी धोका अलीकडच्या बंदरातच गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. कंटेनरात जाणाऱ्या मालाला एफ.सी.ए. हा तिसरा संकेत अधिक योग्य मानतात, कारण त्यात माल वाहतूकदाराच्या हवाली केला की, मग ते ठिकाण समुद्रापासून कितीही दूर का असेना, विकणारा मोकळा होतो. समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्याला ह्या तीन अक्षरांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता एका औषधाची गोष्ट. धानावर करपा पडला म्हणजे शेतकरी ट्रायसायक्लाझोल नावाचे बुरशीनाशक फवारतो. त्यात गैर काही नाही. पीक वाचवावयाचे तर उपाय केला पाहिजे. परंतु युरोपीय संघाने १ जानेवारी २०१८ पासून तांदळात ह्या औषधाचा अंश किलोला एका मिलिग्रॅमवरून शतांश मिलिग्रॅमवर, म्हणजे ०.०१ वर आणला. ह्याचा हिशेब करून पाहावा: शंभर टन तांदळात एक ग्रॅम. वीस फुटी कंटेनरात साधारण २५ टन तांदूळ मावतो. म्हणजे सबंध कंटेनरात पाव ग्रॅमहून जास्त औषध सापडले तर माल नाकारला जाण्याचा धोका. ह्या नियमाची पहिली झळ उत्तरेकडील बासमतीला लागली. परंतु उद्या ह्या भागातील सुवासिक धान युरोपात नेण्याचे कोणाच्या मनात आले (शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेच आहे), तर त्याची परीक्षा बंदरात होणार नाही. ती गोरेगाव किंवा सडक-अर्जुनी तालुक्यातील बांधीत, फवारणीच्या दिवशीच झालेली असेल. गिरणीमालकाने ती परीक्षा समजून घेतली नाही तर शेतकऱ्याला कोण सांगणार? ह्यास्तव निर्यातीचे शिक्षण फक्त व्यापाऱ्याला देऊन भागत नाही.

शिक्षण देण्याची व्यवस्था नाही असे नाही. परराष्ट्र-व्यापार महासंचालनालयाने २०११ साली ‘निर्यात बंधू’ ही योजना काढली; नव्या निर्यातदाराला जाणत्याने हात धरून चालवावे हा तिचा उद्देश. ह्या खात्याचे कार्यालय नागपुरास आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून प्रत्येक जिल्हा निर्यातीचे केंद्र व्हावा अशी कल्पना मांडली, आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत निर्यात-प्रोत्साहन समित्या स्थापन झाल्या. जिल्हा उद्योग केंद्रे तर १९७८ पासूनची. कृषिमालासाठी अपेडा आहे, गिऱ्हाईक बुडाले तर विम्याची भरपाई देणारे ई.सी.जी.सी. हे महामंडळ १९५७ पासून आहे. दुकाने पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाला त्यांच्या पाट्या वाचता येत नाहीत, ही अडचण आहे.

ह्या वर्गांचा सामान्य क्रम पाहिला तर तो उलटा वाटतो. प्रारंभी नोंदणी, मग अर्ज, मग संकेतांक, असे शिकवीत जातात. वास्तविक निर्यात-आयातीचा दहा अक्षरी क्रमांक काढणे हे सर्वांत सोपे काम आहे. तो आता आयकराच्या पॅन क्रमांकाशी एकरूप झाला असून ५०० रुपये शुल्कात घरबसल्या मिळतो. तो मिळाला म्हणजे आपण निर्यातदार झालो, असे समजून पुष्कळ जण थांबतात, जसे पाटी-पेन्सिल विकत घेतल्यावर एखाद्या मुलाला अक्षर आल्यासारखे वाटावे. आधी शिकवावयास हवे ते पैसे कसे सुरक्षित मिळवावेत हे, आणि कोणाला माल देऊ नये हे. अनोळखी गिऱ्हाइकाने गोड भाषेत मोठी मागणी पाठविली, ह्यात आनंद मानण्याजोगे काही नसते.

ह्यावर जुना उपाय बँकेच्या पतपत्राचा. आपल्याकडे हुंडी होती. तिच्यात पेढीचा शब्द चाले. पतपत्रात गिऱ्हाइकाची बँक शब्द देते की, ठरलेली कागदपत्रे ठरल्याप्रमाणे आली तर पैसे देऊ. ह्यात मेख अशी की, बँक माल पाहत नाही, कागद पाहते. तांदूळ उत्तम असेल, पण जहाजाच्या पावतीवरील तारीख एक दिवसाने उशिराची असेल, तर बँक हात आखडते. गोंदियाचे नाव रोमन लिपीत कोणी मध्ये ‘वाय’ घालून लिहितात, कोणी न घालता. किरकोळ लेखनदोषाला नियमांत माफी असली तरी बँकेच्या कारकुनाची लेखणी अडखळण्यास एवढेही पुरते. म्हणून पहिल्या दिवशी एकच लेखन ठरवावे आणि करारापासून पोत्यावरील ठशापर्यंत तेच चालवावे.

येथे कोणी विचारील की, पाच-पंचवीस मजूर असलेल्या गिरणीने हा सगळा व्याप अंगावर घ्यावाच कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘घेऊ नये’ असेच आहे. काकीनाडा किंवा विशाखापट्टणम येथे ज्यांचा बसलेला व्यवहार आहे अशा व्यापाऱ्याला माल देणे लहान गिरणीला अधिक सोयीचे पडेल. परंतु परदेशी व्यापार शिकणे म्हणजे स्वतः परदेशी माल पाठविणेच, असे नव्हे. समजा, बंदरात तांदळाला टनास ३५,००० रुपये मिळत आहेत. त्यातून रेल्वेचे भाडे २,००० वजा करावे, बारदान व हमाली १,५०० वजा करावी, व्याज व दलाली १,००० वजा करावी. उरले ३०,५००, म्हणजे क्विंटलला ३,०५०. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. रीत मात्र खरी आहे. बंदराचा भाव ज्याला ठाऊक आहे आणि ही उलटी वजाबाकी ज्याला येते, त्याला गिरणीच्या दारात कोणी क्विंटलला २,८०० देऊ लागला तर तो हसतो. ज्याला येत नाही तो आभार मानतो. मराठी तिसरीच्या पुस्तकातले गणित आहे हे, पण ते गोंदियाच्या किती पेढ्यांवर मांडले जाते, हे पाहण्यासारखे आहे.

रानच्या मालाचीही हीच स्थिती. मोहफूल म्हणजे दारू, ह्यापलीकडे शहरी माणसाचा विचार जात नाही. परंतु २०२१ साली शेजारच्या छत्तीसगडातील कोरबा भागातून वाळविलेली मोहफुले अपेडाच्या साहाय्याने समुद्रमार्गे फ्रान्सला गेली. ती जाऊ शकली ती स्वच्छ वेचून, जमिनीचा स्पर्श टाळून, नीट वाळवून ठेवली म्हणून. नागझिऱ्याच्या सभोवती मोहाला तोटा नाही. अरण्याच्या गाभ्यात वेचणीला निर्बंध आहेत आणि ते असावयासच हवेत. पण भोवतालच्या गावांच्या मालकीच्या आणि हक्काच्या झाडांखाली जाळी बांधून फूल झेलणे कोणी शिकविले, तर त्याला वाघाची हरकत असण्याचे कारण नाही. तेंदूपानांचे तर सांगावयासच नको; आपल्या देशातील ही पाने विड्यांसाठी श्रीलंकेपर्यंत जातात, आणि ऐन वैशाखात ती तोडणाऱ्या हातांना पुडक्यांच्या संख्येवर मजुरी मिळते, त्यापुढचा हिशेब त्यांच्या कानी येत नाही.

हे शिक्षण कोठे आणि कोणत्या भाषेत द्यावे, ह्याविषयी दोन मते होण्याचे कारण दिसत नाही. नागपूरच्या पंचतारांकित उपाहारगृहात, इंग्रजीत, भिंतीवर चित्रे पाडून होणाऱ्या परिसंवादाला गोरेगावचा लाख-व्यापारी येत नाही, आणि आला तर भोजनापर्यंतच थांबतो. हाच विषय मराठीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, पंचायतीच्या सभागृहात, समोर काडीलाखेची जुडी आणि उकड्या तांदळाची मूठ ठेवून सांगितला तर दुपार पुरेल. सीमाशुल्काचा संकेतांक हा शब्द ऐकून माणूस दचकतो. पण तांदळाला १००६ आणि लाखेला १३०१ हे आकडे जगभर सारखेच चालतात, जपानात आणि जर्मनीतही, असे सांगितले की त्याला त्यात गंमत वाटू लागते. शिकविणारा शक्यतो असा असावा की ज्याचा माल एकदा तरी नाकारला गेला आहे.

लहानात लहान प्रारंभ करावयाचा असेल त्याला आता पोस्टाचा रस्ता मोकळा आहे. डाकघर निर्यात केंद्रे देशात सुमारे हजार ठिकाणी सुरू झाली आहेत. लाखेच्या बांगड्यांची किंवा मधाची एखादी पेटी परदेशी पाठवावयाची तर बंदरावर जावे लागत नाही. क्रमांक, बँकेचे खाते, मालाचा संकेतांक आणि किंमत लिहिलेला पोस्टाचा निर्यात-पत्रक भरावा लागतो. मधासारख्या खाद्यवस्तूला मात्र पलीकडच्या देशाची परवानगी लागते, ती आधी पाहून घ्यावी; बांगड्यांना ती अडचण कमी. पेटीच्या आतल्या बाजूस कागदावर मालाची यादी एकदा आणि बाहेर एकदा लिहावी, दोन्ही जुळवून पाहाव्यात, आणि पावती दुहेरी घ्यावी: एक बँकेसाठी, एक घरी.